इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये जायचे असेल तर बेळगावच्या विद्यार्थ्याने पीयूसीनंतर (म्हणजे बारावीनंतर) कोणती पदवी घ्यावी?

तुम्ही लिहिले आहे की पीयूसीचे दुसरे वर्ष सायन्समधून संपत आले आहे, गणित चांगले आहे, तुमचा ओढा बी.कॉम., बीबीए किंवा अर्थशास्त्राकडे आहे, पण घरचे म्हणतात की व्हीटीयूच्या (कर्नाटकातल्या तंत्रविद्यापीठाच्या) एखाद्या कॉलेजात इंजिनिअरिंगला प्रवेश घे, बाकीचे नंतर पाहू. ‘घरचे म्हणतात’ एवढे वाचले आणि मी हातातले काम बाजूला ठेवून लिहायला बसले, कारण हाच वाद आमच्या घरी मी दहावी झाले तेव्हा सुरू झाला आणि आजही पुरता मिटलेला नाही.

माझे मत सरळ आहे. बी.कॉम. करा आणि त्याच्या जोडीला सीए. नुसत्या बीबीएवर या क्षेत्रात कोणी दारात उभे करत नाही. अर्थशास्त्र सुंदर विषय आहे, पण त्याच्यामागे मोठ्या कॉलेजाचे नाव नसेल तर नोकरीसाठी त्याचा फारसा उपयोग होत नाही. आणि पुढे एमबीएच करायचे आहे हे ठाऊक असताना चार वर्षे थर्मोडायनॅमिक्स शिकणे ही मला उधळपट्टी वाटते.

उद्यमबागेत माझ्या मामांची फाउंड्री आहे, वाहनांना लागणारे ओतीव भाग तिथे तयार होतात. मी कॉमर्स घेतले तेव्हा मामा आईसमोर म्हणाले होते, “वह्या तपासायला एवढं शिकतीस कशाला गं? ते आमचा दिवाणजी पण करतोय की.” मामेभाऊ माझ्याच वयाचा, तो पुढे मेकॅनिकलला गेला आणि घरातल्या प्रत्येक कार्यात आमच्या दोघांची तुलना ठरलेली असे. मी कोटक महिंद्रा बँकेचे संस्थापक उदय कोटक यांचे उदाहरण द्यायची, की त्यांनीही सिडनहॅममधून कॉमर्सचीच पदवी घेतली आणि मग जमनालाल बजाजमधून व्यवस्थापन शिकले. मामा म्हणायचे, “त्यांच्या घरात कापसाचा व्यापार होता. तुझ्या घरात काय आहे?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

टिळकवाडीतल्या एका सीएंच्या कार्यालयात मी आर्टिकलशिप, म्हणजे सीएसाठी सक्तीची उमेदवारी, करत होते (तेव्हा ती तीन वर्षांची होती, २०२३ पासून ती दोन वर्षांची झाली आहे). दुसऱ्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत मामांकडे गेले असताना ते चिडून बसले होते. विक्री चार कोटींवरून सहा कोटींवर गेली होती, नफा अठरा लाखांवरून एकतीस लाख झाला होता आणि तरीही बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा (खेळत्या भांडवलाचे कर्ज) काठोकाठ भरली होती. हेस्कॉमचे, म्हणजे विजेचे, बिल भरायला मामींची ठेव मोडावी लागली होती. मामांना दिवाणजीवर संशय होता. त्यांचे लेखापरीक्षण आमच्या कार्यालयाकडे नव्हते, म्हणून मी निर्धास्तपणे ताळेबंद मागून घेतला आणि जेवणाच्या टेबलावरच पसरला.

चोरी कुठेच नव्हती. जुने गिऱ्हाईक साठ दिवसांत पैसे देत होते. नव्या मोठ्या गिऱ्हाइकाने नव्वद दिवस मागितले होते आणि मामांनी मोठी ऑर्डर मिळते आहे या आनंदात ते कबूल केले होते. (सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे, पण मोठ्या गिऱ्हाइकाला तो कोण ऐकवणार?) त्यामुळे येणे रक्कम साधारण सहासष्ट लाखांवरून दीड कोटीवर गेली होती, म्हणजे नफ्याच्या कितीतरी पट पैसा गिऱ्हाइकांकडे अडकला होता, तर कच्चा माल देणाऱ्या भंगारवाल्याला मात्र पंधरा दिवसांत रोख द्यावे लागत होते. दुसरी गोष्ट मला कागदावर दिसली नाही; ती मागच्या अंगणात दिसली. ताडपत्रीखाली गिऱ्हाइकांकडून परत आलेल्या कास्टिंगचा (ओतीव भागांचा) ढीग होता, प्रत्येकावर खडूने फुली मारलेली, पावसाने गंजून लाल झालेला. वहीत तोच ढीग ‘तयार माल’ म्हणून धरला होता, आणि तोही विक्रीच्या भावाने. खरे तर तो वितळवून पुन्हा भट्टीत जाणार होता, म्हणजे त्याची किंमत भंगाराची आणि एकतीस लाखांतला काही भाग नुसता कागदावरचा. मामेभाऊ तिथेच उभा होता आणि भट्टीची वीज कशी वाचवता येईल हे सांगत होता. ते चुकीचे नव्हते, पण प्रश्न तो नव्हता.

सीए झाल्यावर मुंबईत एका मध्यम आकाराच्या मर्चंट बँकरकडे, म्हणजे कंपन्यांची भागविक्री हाताळणाऱ्या संस्थेत, मुलाखत होती. समोरच्या गृहस्थांनी विचारले, “नफा वाढतो आहे आणि रोकड आटते आहे, अशी कंपनी कधी पाहिली आहे का?” मी त्यांना त्या ताडपत्रीबद्दल सांगितले. त्यानंतर त्यांनी माझ्या कॉलेजाचे नाव विचारले नाही.

हे एवढे विस्ताराने सांगितले, कारण कामाचे स्वरूप तेच आहे. इन्व्हेस्टमेंट बँकर म्हणजे शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या १९९२ च्या नियमांत ज्याला मर्चंट बँकर म्हटले आहे तो, आणि त्याच्याकडे पहिली काही वर्षे कंपनीचे आकडे खणणे, एक्सेलमध्ये मूल्यांकन मांडणे आणि भागविक्रीच्या माहितीपत्राचा मसुदा तयार करणे हेच चालते. त्या मसुद्यात तीन वर्षांची पुनर्रचित (एकाच पद्धतीने पुन्हा मांडलेली) आर्थिक पत्रके लागतात आणि ती वाचता न येणारा माणूस रात्री दोन वाजता दुसऱ्याच्या चुका सुबक अक्षरात उतरवत बसतो. मी मुख्यतः शेअर बाजारातल्या एसएमई (लघु-मध्यम उद्योगांच्या) मंचावरच्या, म्हणजे भागविक्रीनंतरचे भरणा भांडवल पंचवीस कोटींपर्यंत असलेल्या कंपन्यांचे काम करते, आणि त्यांतल्या बऱ्याच मामांच्या फाउंड्रीच्या मोठ्या बहिणी असतात.

एक सावधगिरीची सूचना. सहा महिन्यांत ‘इन्व्हेस्टमेंट बँकिंग’ शिकवू म्हणणाऱ्या संस्थांपासून लांब राहा. माझ्या वर्गातल्या एका मुलीने पुण्यात अशा एका अभ्यासक्रमासाठी घरचे सोने गहाण ठेवले होते. नोकरी लागली, पण ती व्यवहारांची जुळवणी आणि खातेदारांची कागदपत्रे तपासण्याची; बँकेचे नाव मोठे असले तरी ते काम मागच्या खोलीतले असते आणि तिथून पुढच्या खोलीत फार थोडी माणसे येतात.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. सीए हा सरळ रस्ता नाही. प्रत्येक पेपरला चाळीस आणि ग्रुपला (पेपरांच्या गटाला) एकूण पन्नास टक्के लागतात. मी इंटरमिजिएटचा (मधल्या परीक्षेचा) एक ग्रुप दोनदा दिला, आणि माझ्याबरोबर सुरुवात केलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी मध्येच सोडले. सायन्सची मुले फाउंडेशन, म्हणजे सीएची पहिली परीक्षा, देऊ शकतात, गणिताचा पेपर तुम्हाला जड जाणार नाही, पण हिशेब आणि कायदा शून्यापासून शिकावे लागतील. शिवाय मोठ्या परदेशी बँका मुख्यतः आयआयएमसारख्या संस्थांतून माणसे घेतात, हे नाकारून चालणार नाही. माझा मामेभाऊ इंजिनिअरिंग, दोन वर्षे नोकरी आणि मग कॅट (आयआयएमची प्रवेश परीक्षा) देऊन अशाच एका बँकेत पोहोचला, माझ्यापेक्षा तीन वर्षे उशिरा, आणि पहिल्याच वर्षी त्याचा पगार माझ्यापेक्षा जास्त होता. मामा हे मला दर दिवाळीला ऐकवतात. मी म्हणते की त्याला तिथे आयआयएमने नेले, मेकॅनिकलने नव्हे, आणि डिफर्ड टॅक्स (पुढच्या वर्षांवर जाणाऱ्या कराचा हिशेब) अडला की तो अजूनही मलाच फोन करतो. पण पगाराच्या आकड्यापुढे माझा मुद्दा मामांना पटत नाही. तेव्हा तुम्हाला कॅटची खात्री असेल आणि इंजिनिअरिंगचा खरोखर कंटाळा नसेल, तर घरच्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही.

पुढे एमबीए महाराष्ट्रात करण्याचा विचार असेल, तर तिथल्या सीईटीच्या प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा प्रकार आहे. दहावी किंवा बारावी वादग्रस्त भागातल्या संस्थेतून झालेली असावी लागते. त्यासाठी शाळेच्या दाखल्यावर मातृभाषा मराठी लिहिली आहे का, ते आजच पाहा. माझ्या दाखल्यावर ती जागा कोरी होती, आणि ती भरून घ्यायला मला मुंबईहून तीनदा बेळगावला यावे लागले.