धोरण दिल्लीचं, तिजोरी राज्याची

प्रश्न : देशाला राष्ट्रीय ग्रंथालय धोरण आहे की नाही? आमच्या वाचनालयाच्या सभेत यावरून दोन तट पडले.

दोन्ही तट आपापल्या परीनं बरोबर. डी. पी. चट्टोपाध्याय यांच्या समितीनं 1986 मध्ये ग्रंथालय व माहिती सेवांच्या राष्ट्रीय धोरणाचा मसुदा दिला. त्यावर आणखी एक समिती बसली आणि कागद वाढले. पुढं राष्ट्रीय ज्ञान आयोगानं कायमस्वरूपी ग्रंथालय आयोग मागितला. हाती आलं ते राष्ट्रीय ग्रंथालय मिशन. खरी मेख घटनेत आहे. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय केंद्राच्या सूचीत, पण राज्याच्या पैशावर चालणारी ग्रंथालयं राज्य सूचीत, 12व्या नोंदीत. केंद्राच्या हाती उरतं सुचवणं आणि थोडीफार मदत. 1972 पासूनचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान पुस्तकं, फर्निचर, इमारत यांना हातभार लावतं. ग्रंथपालाचा पगार त्यात बसत नाही, आणि वाचनालयं बंद पडतात ती बहुधा तिथंच. त्यामुळे सभेचा ठराव दिल्लीला धाडण्याआधी आपल्या आमदारांच्या हाती द्या.

प्रश्न : कर्नाटकात ग्रंथालय उपकर आहे, मग महाराष्ट्रात का नाही?

आपल्या 1967च्या कायद्यानं उपकराऐवजी अनुदानाची वाट धरली म्हणून. अ, ब, क, ड असा वर्ग ठरतो आणि त्यानुसार रक्कम मिळते. गंमत म्हणजे देशातला पहिला ग्रंथालय कायदा 1945 मध्ये कोल्हापूर संस्थानात झाला! मद्रासनं 1948 मध्ये मालमत्ता कराला जोडून उपकर लावला, कर्नाटकानं 1965 मध्ये कायद्यातच तशी तरतूद केली. माझं मत उपकराच्या बाजूनं आहे, कारण अनुदान किती आणि कधी हे दरवर्षी मंत्रालयाकडं डोळे लावून पाहावं लागतं. मात्र नगरपालिका वसूल केलेला उपकर ग्रंथालयाकडं वेळेत वर्ग करत नाहीत, ही ओरड उपकर असलेल्या राज्यांतही जुनीच आहे. वेगळं खातं आणि मुदत कायद्यात नसेल, तर उपकर नुसता पावतीवर दिसेल.

प्रश्न : ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मधली नियतकालिकं गावच्या वाचनालयात वाचता येतील का?

नाही. ही योजना सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांसाठी आहे. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये ठेवलेत, पण सार्वजनिक ग्रंथालयं त्यात नाहीत. जवळच्या सरकारी महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना भेटा. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाचं संकेतस्थळ मात्र सगळ्यांना खुलं आहे.

प्रश्न : कवितासंग्रह स्वखर्चानं छापला. प्रती सरकारला पाठवायच्या असतात म्हणे?

हो. 1954च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून 30 दिवसांत कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली इथल्या नेमलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत, टपालखर्च तुमचाच. प्रकाशक तुम्हीच, म्हणून जबाबदारीही तुमची. मूळ कायद्यातला दंड 50 रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत. एवढ्याला कोण भितो? तरीही पाठवा, आणि पोच जपून ठेवा. मजकुरात काहीच बदल नसलेली दुसरी आवृत्ती काढलीत, तर पुन्हा पाठवायची गरज नाही.