मागच्या एक्सलला डिस्क ब्रेक बसवू का?

प्रश्न: नमस्कार दादा, मी मूळचा साताऱ्याचा, सध्या न्यू जर्सीत असतो. १९६७ ची फोर्ड मस्टँग आहे, २८९ व्ही-८ इंजिन, मागं आठ इंची एक्सल. पुढं कंपनीचेच डिस्क आहेत आणि मागं दहा इंची ड्रम. लांब उतार उतरलो की मागून जळका वास येतो, म्हणून मागं पण डिस्कचं किट टाकायचा विचार आहे. विकणारा म्हणतो एका दिवसात होतं, कापाकापी काही नाही. घेऊ का?

उत्तर: घ्या, पण वासाचं कारण आधी शोधा. ड्रम काढा आणि आत गिअर ऑइल उतरलंय का बघा, एक्सलचं ऑइल सील गेलं की लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) तेलात भिजतात आणि तापल्यावर असाच वास येतो. हँडब्रेकची केबल गंजून अडकली असेल तरी लायनर सतत घासत राहतात. यातलं काही निघालं तर थोडक्यात काम होईल, आणि सील गळत असेल तर नवी डिस्कसुद्धा तेलातच फिरणार.

सगळं ठीक असूनही डिस्क हवेच असतील तर नुसतं "मस्टँगला बसतं" एवढ्यावर ऑर्डर देऊ नका. किट एक्सलच्या टोकाला बसतं, गाडीच्या नावाला नाही. साठ वर्षांत एक्सल बदललेल्या कितीतरी गाड्या फिरतायत आणि नऊ इंची एक्सलमध्ये तर बेअरिंगचे लहान-मोठे प्रकार आहेत, बोल्टची भोकं वेगळी येतात. तुमचं चाक काढा, फ्लँजच्या (एक्सलच्या टोकाची बोल्टची चकती) चार बोल्टमधली अंतरं, बेअरिंगचा बाहेरचा व्यास, डिस्कचं मधलं भोक ज्यावर बसणार तो शाफ्टचा उंचवटा, हे सगळं व्हर्नियरने मोजा आणि विकणाऱ्याकडून त्याचे आकडे लेखी घ्या. आठ इंची एक्सलचं एक बरं आहे, आत सी-क्लिप (शाफ्टला आतून अडकवणारी कडी) नसते, रिटेनरचे (बेअरिंगला बाहेरून दाबून धरणारी पट्टी) चार नट काढले की शाफ्ट बाहेरूनच ओढता येतो, डिफरन्शियल उघडावं लागत नाही.

आता जिथं सगळ्यात जास्त गडबड होते ते सांगतो. ड्रमची बॅकिंग प्लेट हाउसिंगचा फ्लँज आणि बेअरिंगचा रिटेनर यांच्या मध्ये दाबलेली असते. ती काढून तिथं कॅलिपरचं (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने चिमटीत धरणारा भाग) ब्रॅकेट येतं, आणि त्याची जाडी पत्र्याच्या प्लेटपेक्षा वेगळी असली तर रिटेनर बेअरिंगला नीट धरत नाही, शाफ्ट आत-बाहेर खेळतो, त्याबरोबर डिस्कही खेळते आणि पॅड मागं ढकलले जातात, मग पहिल्या दाबाला पेडल खोल जातं. फिटिंग झाल्यावर शाफ्ट हाताने ओढून बघा. डिस्क कॅलिपरच्या बरोब्बर मध्यात हवी, नसेल तर किटसोबतच्या शिम (पातळ चकत्या) वापरा. कॅलिपरचा ब्लीडर (हवा काढायचा स्क्रू) वरच्या बाजूला आला पाहिजे, डावा-उजवा उलटा लागला तर हवा कधीच पूर्ण निघत नाही. आणि चाकं! मूळ १४ इंची चाकात बरेचसे किट मावत नाहीत, १५ इंची लागतात, तेव्हा कॅलिपरचं टेम्प्लेट मागवून चाकात फिरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

तुमची गाडी १९६७ ची म्हणजे दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर आहे (पुढच्या आणि मागच्या ब्रेकची लाइन वेगळी), चांगलं झालं. पण ड्रमसाठीच्या बऱ्याच लाइनींमध्ये साधारण १० पीएसआय दाब धरून ठेवणारा रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो, तो मागच्या सर्किटमध्ये राहिला तर पॅड डिस्कला चिकटून घासत राहतील आणि तुमचा जळका वास परत येईल. मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवणारा मूळ प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हही ड्रमच्या हिशोबाचा आहे. ड्रममध्ये फिरणारं चाक लायनरला स्वतःच ओढून घेतं, डिस्कमध्ये तसं होत नाही, त्यामुळं पुढचं-मागचं गणित पूर्ण बदलतं. तो व्हॉल्व्ह काढून मागच्या लाइनला हाताने फिरवायचा ॲडजस्टेबल बसवा, दोन एकापाठोपाठ ठेवू नका. सुरुवात मागं कमीत कमी दाबाने करा, रिकाम्या कोरड्या मैदानात कमी वेगाने जोरात ब्रेक दाबून बघत थोडा-थोडा वाढवा. पुढची चाकं आधी लॉक झाली पाहिजेत, प्रत्येक वेळी. ब्रेक दाबला की वजन पुढं येतं, मागचं चाक आधी लॉक झालं तर गाडीचं शेपूट फिरतं आणि स्टिअरिंगने ते सावरत नाही. ही चाचणी झाल्याशिवाय घरच्यांना गाडीत बसवू नका, कळकळीने सांगतोय.

हँडब्रेकसाठी डिस्कच्या पोटात छोटा ड्रम असलेलं किट मिळालं तर तेच घ्या, पार्किंगला पकड चांगली असते. लिव्हरवाला कॅलिपर असेल तर हँडब्रेक रोज वापरा, कारण बऱ्याच मॉडेलमध्ये त्याचं ॲडजस्टमेंट त्यानेच होतं.

प्रश्न: आमच्या बाबांची १९८२ ची पद्मिनी आहे, चारही ड्रम. मागं डिस्क लावले तर थांबायला फरक पडेल का? — सांगलीहून एक वाचक

उत्तर: पुढं ड्रम ठेवून मागं डिस्क अजिबात नको, थांबवायचं जास्त काम पुढची चाकं करतात आणि मागची पकड वाढवली तर वर सांगितलेला धोका थेट ओढवून घ्याल. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ आहे, मूळ रचनेत असा बदल करायच्या आधी आरटीओत विचारा. त्यापेक्षा चारही व्हील सिलिंडर नवे टाका, ड्रम लेथवर तपासून घ्या, लायनर ड्रमच्या गोलाईला घासून बसवा, रबरी होज बदला आणि जुनं ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवं भरा. ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून उघडी राहिलेली बाटली वापरू नका.