नाल्यावर ट्रॅक्टर-ट्रॉली जाईल असा लाकडी पूल घरच्या घरी बांधता येईल का?

भाऊ, तुमचं वावर नाल्यापलीकडे, पात्र १४ फूट, धुऱ्यावर सागाची झाडं उभी, आणि पावसाळ्यात ट्रॅक्टर पलीकडे जात नाही. तर लाकडी पूल होईल का? होईल. वणीकडच्या आमच्या वावरात मी दोनदा बांधला. दोनदा, कारण पहिला सडला.

पहिल्या वेळी तुळया सरळ काठाच्या काळ्या मातीवर टेकवल्या होत्या. सारा पैसा वरच्या फळ्यांवर घातला, दिसायलाही झकास. चौथ्या वर्षी सोयाबीनची ट्रॉली नेताना काठाशीच मागचं चाक बोटभर खचलं. खाली उतरून तुळईच्या टोकाला पेचकस टोचला, तर मुठीपर्यंत आत गेला, ओल्या भाकरीत जावा तसा. त्याच तुळईला दोन हात पुढे टोचला, तर टण्णकन उसळला. आमचा सुतार म्हणाला, “लाकूड पान्यानं नाई मरत भाऊ, मातीनं मरते.” तेव्हापासून माझं एकच सांगणं आहे, आधी काठ बांधा, लाकडाचं मग पाहू.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टेकवलेलं काहीच जागेवर राहत नाही. म्हणून खालचा मुरूम लागेपर्यंत खोदा आणि तिथून दगडी भिंत वर आणा. गवंडी नसेल तर बंधाऱ्यांना करतात तसं तारेच्या जाळीत दगड भरून गॅबियनही चालतं. भिंत पात्रात पुढे सरकवायचा मोह आवरा. लाकूड दोन फूट वाचतं, पण पात्र अरुंद झालं की पाण्याचा जोर वाढतो आणि ते भिंतीचा पायाच उकरतं. दोन्ही बाजूंना भिंतीचे कान काठात वळवून घ्या, नाहीतर पूर मागून माती कापून नेतो आणि पूल मधेच उभा राहतो. तुळईच्या टोकामागे दोन बोटं हवा राहू द्या, रस्त्याची माती अडवायला मागे वेगळी बुटकी भिंत घ्या. टोकांना गरम डांबर पाजा. जळकं ऑइल मात्र फासू नका, खाली गुरं पाणी पितात.

आता लाकूड. भरलेल्या दोनचाकी ट्रॉलीच्या एक्सलवर ५ टन धरले, तर एका चाकाखाली अडीच टन येतात. १४ फुटांच्या गाळ्याला, म्हणजे दोन भिंतींमधल्या अंतराला, प्रत्येक चाकाच्या रेषेखाली ६ बाय १२ इंचाच्या दोन तुळया, म्हणजे एकूण चार, १७ फुटी. बारा इंच उभे ठेवायचे, आडवे नाही. उंची दुप्पट केली तर ताकद चौपट होते, रुंदी दुप्पट केली तर फक्त दुप्पट. चाकांमधलं अंतर आधी टेपनं मोजा. ट्रॅक्टरचं आणि ट्रॉलीचं एकच असेल असं धरू नका. वर ३ इंची फळ्या आडव्या, मधे अर्धा इंच फट, म्हणजे पाणी आणि चिखल खाली गळतो. चाकांच्या वाटेवर वरून लांब फळ्या ठोका, झिजल्या की तेवढ्याच बदलता येतात. कडेला सहा इंचाचा ओंडका बोल्टनं आवळा, ओल्या फळीवर चाक घसरलं तर तोच अडवतो.

सागाचा गाभा घ्या, बाहेरचं पांढरं लाकूड वाळवी आधी खाते. ऐन आणि बिजाही चालतो. स्वतःच्या धुऱ्यावरचा साग असला तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगी लागते, आणि माल हलवायला वाहतूक पासही. विकत घ्यायचा तर बल्लारशाचा सरकारी लाकूड डेपो आहे, पण अयोध्येच्या राममंदिराला तिथूनच साग गेला, भावाचा अंदाज त्यावरून करा! नाल्याचं पात्र १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे सरकारचं असतं, म्हणून तहसीलला अर्ज देऊन ठेवा. माझ्या शेजाऱ्यानं नाही दिला, आणि दुसऱ्या शेजाऱ्यानं तक्रार दिली.

उंची ठरवताना बाभळीच्या फांद्यांत अडकलेला कचरा पहा, पूर कुठवर आला ते तोच सांगतो. तुळयांचा तळ त्याच्याही दोन फूट वर. तेवढं वर जाता येत नसेल तर पूल साखळीनं एका काठच्या झाडाला बांधा. सागाचं लाकूड तरंगतं; पूर आला तर पूल उचलला जाऊन कडेला लागेल, खालच्या गावी जाणार नाही.

दिवाळीनंतर लाकूड कापून वाळत घाला, पायाचं काम मार्च-एप्रिलमध्ये, नाला कोरडा असताना. आणि तुमच्या वाटेनं रेतीचा टिप्पर जाणार असेल तर हे सगळं विसरा, सिमेंटच्या नळ्या टाका. तुमची ट्रॉली दोन चाकांची की चार, तेवढं कळवा.