पाण्यात उतरण्याआधी डॉक्टरांची सही: स्कुबाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझं वय ४८ आहे. पोहता येतं, आजार कुठलाही नाही. इन्स्ट्रक्टरबरोबर पहिल्यांदाच, अर्ध्या तासासाठी स्कुबा (पाठीवरच्या टाकीतली हवा घेत पाण्याखाली जाणं) करायचं आहे. तरी वैद्यकीय फॉर्म पुढे आला. पंचेचाळिशी उलटली म्हणून डॉक्टरांची सही लागेलच का?

उत्तर: लागेलच असं नाही. सध्या बहुतेक डायव्ह सेंटरमध्ये जो फॉर्म चालतो, त्याची २०२० साली नव्याने मांडणी झाली. पहिल्या पानावर १० प्रश्न आहेत. सगळ्यांना 'नाही' असेल तर तुमची स्वतःची सही पुरते. 'हो' मात्र दोन प्रकारचं असतं. प्रश्न ३, ५ आणि १० यांपैकी कशालाही 'हो' आलं की थेट डॉक्टरांकडे जायचं. हे प्रश्न अनुक्रमे दमसास, गेल्या १२ महिन्यांतली शस्त्रक्रिया (किंवा जुन्या शस्त्रक्रियेचा अजून होणारा त्रास) आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं यांविषयी आहेत. बाकीच्या प्रश्नांना 'हो' आलं तर दुसऱ्या पानावरच्या ठरावीक चौकटीत जायचं आणि तिथल्या एखाद्या ओळीलाही 'हो' असेल तरच डॉक्टर गाठायचे.

वयाचा प्रश्न फॉर्मवर दुसऱ्या क्रमांकाचा आहे. त्याची चौकट विचारते: धूम्रपान करता किंवा निकोटिन दुसऱ्या कुठल्या मार्गाने श्वासावाटे घेता का, कोलेस्टेरॉल जास्त आहे का, रक्तदाब आहे का, आणि जवळच्या रक्ताच्या नात्यात पन्नाशीच्या आत हृदयविकार किंवा त्याने मृत्यू झाला आहे का. चारही 'नाही' असतील तर ४८ व्या वर्षीही डॉक्टरांची सही लागत नाही.

खरा विचार करावा तो तिसऱ्या प्रश्नाचा. १.६ किलोमीटर १४ मिनिटांत चालणं किंवा न थांबता २०० मीटर पोहणं जड जातं का? १४ मिनिटांत एवढं अंतर म्हणजे रमतगमत नव्हे, झपाझप चालणं. बहुतेक जण अंदाजाने खूण करतात. आधी घड्याळ लावून चालून पाहा. पाण्यात नुसतं तरंगत राहिलं तरी पायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं आणि हृदयावरचा भार वाढतो. त्यात प्रवाहाविरुद्ध पाय मारावे लागले तर तेवढा दम हवाच.

अर्ध्या तासाच्या अनुभवासाठीही फॉर्म चुकत नाही. प्रमाणाच्या दृष्टीने दाबातला सगळ्यात मोठा फरक पहिल्या १० मीटरमध्येच पडतो, त्यामुळे 'उथळच तर आहे' हा दिलासा खोटा आहे. फॉर्म निदान तीन आठवडे आधी मागवून घ्या. बोटीवर पेन हातात आल्यावर एखादं 'हो' निघालं, तर समोर दोनच वाटा उरतात: परत फिरणं किंवा खोटं लिहिणं.

प्रश्न: मुलीला लहानपणी दमा होता. आता ती २२ वर्षांची आहे, पावसाळ्यात कधीतरी इन्हेलर घेते. फॉर्मवर काय लिहायचं?

उत्तर: फॉर्म गेल्या १२ महिन्यांतल्या अशा दम्याविषयी विचारतो, ज्यामुळे हालचालीला किंवा व्यायामाला मर्यादा येते. लहानपणीचा, पूर्ण मावळलेला दमा त्यात बसत नाही. पण इन्हेलर हे डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध आहे, म्हणजे दहाव्या प्रश्नाला 'हो'. तपासणी लागणार, आणि ती लागायलाच हवी.

कारण असं. टाकीतून श्वासात येणारी हवा भोवतालच्या पाण्याच्या दाबाची असते. १० मीटरवर तो दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणून तिथे फुप्फुसात भरलेली हवा वर येईपर्यंत आकाराने दुप्पट होते. निरोगी माणूस श्वास सोडत वर येतो आणि जास्तीची हवा निघून जाते. दम्यात बारीक श्वासनलिका आकसतात किंवा चिकट्याने बुजतात. त्यांच्या पलीकडची हवा अडकते आणि फुगत जाते. फुप्फुस फाटलं तर हवा छातीच्या पोकळीत शिरते, किंवा रक्तात मिसळून मेंदूपर्यंत पोहोचते. श्वास रोखलेला असेल तर दीड मीटरवरून वर येतानाही हे घडू शकतं. शिवाय टाकीची हवा थंड आणि कोरडी, वर श्रम, आणि कधी तोंडात खाऱ्या पाण्याचे तुषार. दम्याला चेतवणारं सगळं एकाच ठिकाणी जमतं.

पूर्वी दम्याचं नाव काढताच नकार मिळे. आता माणूस पाहून ठरवतात. छातीच्या डॉक्टरांकडे स्पायरोमेट्री (फुंकून श्वासाचा जोर मोजणारी चाचणी) करून घ्या: इन्हेलरच्या आधी आणि नंतर, आणि व्यायामानंतर पुन्हा. पहिल्या सेकंदात जोराने सोडलेली हवा अपेक्षित आकड्याच्या ८० टक्क्यांहून कमी भरली, किंवा व्यायामानंतर ठळकपणे घसरली, तर परवानगी मिळणं अवघड. थंडीने, श्रमाने किंवा भीतीने दमा उसळत असेल तर ब्रिटनमधली मार्गदर्शक तत्त्वं डायव्हिंग नकोच म्हणतात. इतरांनाही गेल्या ४८ तासांत तातडीचा इन्हेलर लागला असेल तर पाण्यात उतरू नये, असं ती सांगतात. 'उतरण्याआधी दोन पफ मारून घेऊ' हा उपाय नव्हे. त्याने घरघर दबेल, पण अडकलेली हवा सुटेलच असं नाही.

प्रश्न: फॅमिली डॉक्टरांनी लेटरहेडवर 'प्रकृती उत्तम, पोहण्यास हरकत नाही' असं लिहून दिलं. सेंटरने ते नाकारलं. आता काय करू?

उत्तर: सेंटरचं बरोबर आहे. डॉक्टरांनी डायव्हिंगचा विचार करून तपासलं की नुसता रक्तदाब पाहून लिहिलं, हे त्या चिठ्ठीवरून कळत नाही. फॉर्मच्या तिसऱ्या पानावरच सही-शिक्का हवा. तिथे दोनच पर्याय आहेत, मान्य किंवा अमान्य. '५ मीटरपर्यंत चालेल' अशी अधलीमधली सवलत नाही. तिन्ही पानं, जुने रिपोर्ट आणि औषधांची यादी घेऊन जा. दाबाखाली शरीराचं काय होतं याची माहिती प्रत्येक डॉक्टरांना असतेच असं नाही, तेव्हा अंडरसी अँड हायपरबॅरिक मेडिकल सोसायटीच्या संकेतस्थळावर डॉक्टरांसाठी मार्गदर्शन आहे हे त्यांना आवर्जून सांगा. सही साधारणपणे वर्षभर ग्राह्य धरतात. मध्ये आजारपण, शस्त्रक्रिया किंवा नवं औषध आलं तर पुन्हा तपासणी करावी लागते.

प्रश्न: मला मधुमेह आहे, रोज इन्सुलिन घेतो. डायव्हिंगचा विचार सोडूनच द्यायचा का?

उत्तर: नाही, पण शिस्त कडक आहे. पाण्याखाली शुगर उतरली तर घाम कळत नाही, थरथर थंडीची वाटते आणि शुद्ध गेली तर तोंडातला रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाला देणारं उपकरण) सुटतो. २००५ साली डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही डायव्हरांच्या सुरक्षेसाठीची संस्था आणि वर उल्लेखलेली सोसायटी यांच्या कार्यशाळेत ठरलेले निकष आजही आधाराला घेतात. वय किमान १८ हवं. इन्सुलिन सुरू होऊन वर्ष झालेलं असावं. फक्त गोळ्या असतील तर ३ महिने. गेल्या वर्षभरात शुगर इतकी घसरलेली किंवा चढलेली नसावी की दुसऱ्याला धावून यावं लागलं. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी रक्तचाचणी) ९ टक्क्यांवर नको. शुगर उतरल्याचं ज्यांना जाणवतच नाही, त्यांनी मोह टाळावा.

उतरण्याच्या दिवशी ६० मिनिटं आधी, ३० मिनिटं आधी आणि अगदी पाण्यात शिरताना, असं तीनदा तपासा. आकडा १५० मिलिग्रॅमच्या वर आणि स्थिर किंवा चढता हवा. १६५ वरून १५५ वर आला तर घाई करू नका. काही खा, थांबा, पुन्हा मोजा. ३०० च्या वर असेल तर त्या दिवशी नको. खोली ३० मीटरच्या आत, वेळ तासाच्या आत. बडीला, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराला, स्वतःला मधुमेह नसावा आणि तुमच्या त्रासाची खूण त्याला ठाऊक असावी. तोंडात पिळता येईल असं ग्लुकोज जॅकेटच्या खिशात ठेवा. वर आल्यावर लगेच तपासा आणि पुढचे १२ ते १५ तास लक्ष ठेवा; श्रमांनंतर शुगर उशिरा घसरते.

प्रश्न: फॉर्म मंजूर झाला आहे, पण सर्दी झाली. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरलं तर चालेल का?

उत्तर: नको. खाली जाताना नाक दाबून हलकी फुंकर मारत दर मीटरला, जमल्यास त्याआधीच, कानांतला दाब जुळवावा लागतो. सर्दीत ती वाट सुजलेली असते. कानाला दडे बसतात, जोर लावला तर पडदा फाटतो. थंड पाणी आत गेलं की जग गरगर फिरायला लागतं आणि वर कुठे, खाली कुठे तेच कळेनासं होतं. गोळीचा अंमल पाण्याखाली असतानाच ओसरला तर हवा आत कोंडते आणि वर येताना दुखतं. वर तर यावंच लागतं. त्या दिवसाचा डायव्ह सोडा.

प्रश्न: आठ वर्षांपूर्वी काही कारण नसताना फुप्फुसाभोवती हवा साचली होती. आता एक्स-रे स्वच्छ आहे. परवानगी मिळेल?

उत्तर: आपोआप झालेल्या या प्रकारात बहुतेक तज्ज्ञ कायमचा नकार देतात. फुप्फुसावरचे पातळ फुगे साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाहीत आणि पुन्हा फुटू शकतात. जमिनीवर छातीत कळ आली तर दवाखाना गाठता येतो. पाण्याखाली साचलेली हवा वर येताना वाढत जाते आणि फुप्फुस, हृदय दाबून टाकते. स्नॉर्केलिंगविषयी (नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगत पोहणं) छातीच्या डॉक्टरांना विचारा. पृष्ठभागावरच राहिलात तर दाबाची हवा श्वासात येत नाही. मात्र डुबकी मारून खाली जाणंही त्यांना विचारूनच.