ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) वाढण्यामागे लिपिडवर, म्हणजे स्निग्ध पदार्थांवर, काम करणारे एक एन्झाइम असते असे वाचले. मग रुग्णाचे तेल-तूप बंद करावे का?

नाही. माझ्या आईला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया झाल्यावर थोरल्या काकांनी अशीच एक बातमी वाचून तिचे वरणावरचे तूप बंद करवले आणि पुढे पांढऱ्या पेशी नेहमीच्या पातळीवर येताच "आता गोळी तरी कशाला?" असा धोशा लावला. तुपाचे एक वेळ सोडून देऊ. गोळीवरून आमचे जे वाजले, ते अजून मिटलेले नाही.

या आजारात ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलून बीसीआर-एबीएल हे जनुक तयार होते. इमॅटिनिब ही गोळी त्याच्या प्रथिनाला रोखते, म्हणून रक्तातील पेशींची संख्या उतरते. परंतु अस्थिमज्जेत दडलेल्या ल्युकेमियाच्या मूलपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून रोगाच्या नव्या पेशी बनत राहतात त्या, तिने सहसा पूर्ण नष्ट होत नाहीत. या मूलपेशींना एएलओएक्स५ हे जनुक लागते, असे अमेरिकेतील शाओग्वांग ली यांच्या गटाने २००९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. या जनुकापासून बनणारे ५-लिपॉक्सिजनेज हे एन्झाइम ॲराकिडोनिक आम्ल या मेदाम्लाचे ल्युकोट्राइन नावाच्या, दाह वाढवणाऱ्या रेणूंत रूपांतर करते. ते जनुक नसलेल्या अस्थिमज्जेत बीसीआर-एबीएल घातले, तरी उंदरांना हा आजार जडला नाही. दम्यावरचे झायल्यूटॉन हे औषध याच एन्झाइमला रोखते, आणि इमॅटिनिबच्या जोडीने ते दिल्यावर उंदीर अधिक काळ जगले.

ॲराकिडोनिक आम्ल शरीर स्वतःही तयार करते, त्यामुळे ताटातले तूप काढून एन्झाइमची उपासमार होत नाही. काकांनी नंतर माँटेलुकास्ट हे दम्यावरचे दुसरे औषधही सुचवले होते. ते पेशीवर ल्युकोट्राइन जिथे चिकटते त्या ग्राहकाला (रिसेप्टरला) अडवते, एन्झाइमला नव्हे. शिवाय मानवी पेशींवरील प्रयोगांत उंदरांइतका स्पष्ट परिणाम दिसलेला नाही, म्हणून झायल्यूटॉन हा आज या आजारावरचा प्रस्थापित उपचार नाही. रुग्णाला हृदयविकार किंवा मधुमेह असेल, तर तुपाचा प्रश्न वेगळा आणि तो त्याच्या डॉक्टरांचा.

इमॅटिनिब थांबवता येते का, हे फ्रान्समध्ये नीट तपासले गेले. रक्तातील बीसीआर-एबीएलचा अंशही टिपणाऱ्या पीसीआर तपासणीत किमान दोन वर्षे आजाराचा मागमूस नसलेल्यांचीच गोळी थांबवली, तरी निम्म्याहून अधिक जणांत तो परत दिसू लागला आणि गोळी पुन्हा सुरू करावी लागली. तेव्हा सीबीसीचा, म्हणजे नुसत्या रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद नाचवत गोळी बंद करायला सांगणाऱ्या नातेवाइकाकडे, तो कितीही वडीलधारा असला तरी, आधी बीसीआर-एबीएलचे दोन वर्षांचे पीसीआर अहवाल मागा.