व्हील नट गच्च बसलेत? आधी जॅक लावू नकोस
अरे चाक जमिनीवर असतानाच हँडब्रेक ओढून नट अर्धा फेरा सैल करायचे, जॅकवर चढवून जोर लावलास तर गाडीच घसरायची. हवेच्या दाबावर चालणाऱ्या एअर गनने आवळलेल्या नटाला डिकीतला आखूड पाना पुरत नाही (गनवाल्यांचा हात कुठे थांबतो देव जाणे), सहा कोनी सॉकेट (नटावर टोपीसारखं बसणारं पान्याचं तोंड) आणि हातभर लांब दांडा घे, सॉकेट पूर्ण आत बसव नि हळूहळू वजन टाक, उड्या नको, पाना सटकून कोपरे गोल झाले की मग खरी बोंब. गंज असेल तर स्टडच्या (नट ज्यावर फिरतो तो बोल्ट) आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून थोडं थांब. बसवताना मात्र तेल-ग्रीस अजिबात नको, आटे पुसून नट आधी हाताने फिरव, समोरासमोरचे आवळ, शेवटी मॅन्युअलमधला आकडा बघून टॉर्क रेंचने (किती जोर लावला ते मोजणारा पाना) आवळ. 80-100 किमी चालली की परत तपास.