शिपिंग कंटेनरचे फिरते छोटे घर नागपूरच्या उन्हात राहण्याजोगे कसे करावे?

आपण विचारले आहे की, काटोल रस्त्यालगतच्या शेतावर जुन्या वीस फुटी कंटेनरचे दोघांपुरते घर करायचे असून तीन-चार वर्षांनी ते उमरेडकडील जमिनीवर हलवायचे आहे, तर त्याचा आराखडा कसा करावा, त्याला चाके बसवावीत का आणि मे महिन्यात त्यात राहता येईल का. मी नागपुरात स्थापत्य अभियंता म्हणून काम करतो आणि बुटीबोरी व हिंगण्याकडे साइट ऑफिससाठी कंटेनर बसवून देण्याचे काम बरेचदा करत आलो आहे, म्हणून तेवढ्या अधिकाराने लिहितो.

मे महिन्यात राहता येईल, पण त्यासाठी आराखड्याची सुरुवात छपरापासून करावी लागेल. बहुतेक लोक आधी ओटा कोठे, पलंग कोठे, खिडकी केवढी हे ठरवतात आणि उन्हाचा प्रश्न शेवटी एसीवर सोडून देतात. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला आहे. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, एकदा मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यास. जुलैत ढग असतात, परंतु मेमधली वेळ नेमकी नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत येते, पारा ४५ अंशांच्या पुढे असताना. अशा वेळी भिंतींपेक्षा छपरावर ऊन कितीतरी जास्त पडते, आणि कंटेनरचे छप्पर म्हणजे सुमारे दोन मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा. उष्णता अडवण्याच्या दृष्टीने त्याचा उपयोग शून्य धरावा.

म्हणून या डब्यावर स्वतंत्र दुसरे छप्पर हवे. चौकोनी एमएस (साध्या पोलादाच्या) पाइपांचा सांगाडा, त्यावर पांढऱ्या किंवा फिकट रंगाचे प्रोफाइल शीट, म्हणजे पन्हळी पत्रा, आणि दोन छपरांमध्ये किमान दीड फुटाची मोकळी जागा, म्हणजे वरचा पत्रा तापला तरी मधली गरम हवा वाऱ्याबरोबर निघून जाते. हे छप्पर दक्षिणेला आणि पश्चिमेला तीन-चार फूट पुढे काढावे, उत्तरेला मात्र सढळ हाताने आठ फूट काढून तिथे पडवी करावी. दोन माणसांचे निम्मे दिवस त्या पडवीतच जातील, कारण आतली जागा फारच अपुरी आहे. छपराचे खांब जमिनीवर स्वतंत्र उभे करावेत किंवा डब्याच्या चार कोपऱ्यांवरील ओतीव ठोकळ्यांवर टेकवावेत. कंटेनरचा सारा भार कोपऱ्यांचे खांब वाहतात. मधला पत्रा एक-दोन माणसे चालून जातील एवढाच मजबूत असतो, त्यावर पाय रोवून सांगाडा उभा केल्यास पहिल्याच पावसाळ्यात तिथे खळगा पडून पाणी साचते. सांगाड्याचे सर्व जोड नट-बोल्टचे ठेवावेत आणि कोणताही पाइप चौदा फुटांपेक्षा लांब ठेवू नये, म्हणजे स्थलांतराच्या वेळी तो सुटा करून डब्याच्या मूळ दारांतून आत सरकवता येतो आणि वेगळी गाडी करावी लागत नाही.

आता आतल्या मापांकडे वळू. वीस फुटी कंटेनर बाहेरून ६.०६ मीटर लांब व २.४४ मीटर रुंद असतो. आत सुमारे ५.९ मीटर लांबी, २.३५ मीटर रुंदी आणि २.३९ मीटर उंची मिळते, म्हणजे जेमतेम दीडशे चौरस फूट. भिंतींना दोन्ही बाजूंनी ५० मिलिमीटर पफ (उष्णता अडवणारा पॉलियुरेथेन फोम) आणि त्यावर प्लाय किंवा सिमेंट बोर्ड लावला की रुंदी २.२३ मीटरवर, म्हणजे सव्वासात फुटांच्या आसपास येते. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीची किमान रुंदी २.४ मीटर आणि उंची २.७५ मीटर, वातानुकूलित खोलीसाठी २.४ मीटर सांगितली आहे. वीस फुटी डबा यांपैकी एकही अट पूर्ण करत नाही. चाळीस फुटी हाय क्यूब, म्हणजे जास्त उंचीच्या कंटेनरची आतली उंची २.६९ मीटरपर्यंत जाते खरी, पण त्याचे रिकामे वजनच चार टनांच्या घरात असते आणि शेतातल्या पांदण रस्त्यावर त्याचा ट्रेलर वळत नाही. दोघांसाठी आणि हलवण्यासाठी वीस फुटीच बरा. छताला पंखा लावण्याचा विचार मात्र सोडून द्यावा आणि भिंतीवरचे पंखे घ्यावेत.

डबा पूर्व-पश्चिम लांब ठेवावा. पश्चिमेच्या टोकाला पूर्ण रुंदीभर चार फुटांचे न्हाणीघर व शौचालय काढावे आणि त्या बाजूच्या भिंतीला एका लहान झरोक्याखेरीज काहीही कापू नये. दुपारचे ऊन आणि लू यांचा पहिला मार ती खोली झेलेल. मूळ दोन झडपांची दारे पूर्वेला येतील अशी योजना करून ती तशीच राखावीत, आत जाळीचे व काचेचे दार बसवावे. सकाळी झडपा उघडल्या की पूर्ण रुंदीचा उजेड मिळतो आणि बाहेरगावी जाताना त्या लावून घेतल्या की वेगळ्या कुलपाकड्यांची गरज उरत नाही. पलंग आडवा टाकल्यास सव्वासहा फुटांची गादी सव्वासात फुटांत बसते; उरलेल्या दहा फुटांत उत्तरेच्या भिंतीलगत ओटा आणि दक्षिणेला भिंतीत मिटणारे टेबल येते. खिडक्या उत्तर-दक्षिण समोरासमोर असाव्यात. नालीदार भिंत कापली की डब्याची ताकद त्या ठिकाणी कमी होते, म्हणून प्रत्येक कापाभोवती पाइपाची चौकट वेल्ड करून घ्यावी आणि सलग एका बाजूची अर्धी भिंत काढण्याचा मोह टाळावा, विशेषतः जो डबा पुन्हा उचलायचा आहे त्याच्या बाबतीत.

उष्णतारोधक थराविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे पैसे वाचवण्याच्या नादात घर बिघडते. रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर, स्वस्त पडते आणि आगीला चांगले तोंड देते, पण पत्रा आणि रॉकवूल यांच्यामध्ये पोकळी राहिली की डिसेंबर-जानेवारीत अडचण होते. रात्री बाहेरचे तापमान दहा-बारा अंशांवर उतरते, आत दोन माणसांचा श्वास आणि स्वयंपाकाची वाफ असते, आणि ती वाफ थंड पत्र्यावर जाऊन पाणी होते. पहाटे अशा भिंतीचा बोर्ड काढून पाहिला तर आतल्या पन्हळींवरून थेंब ओघळताना दिसतात आणि रॉकवूलचा खालचा वीतभर भाग ओल्या फडक्यासारखा हाताला लागतो. तिथूनच गंज आणि कुबट वास सुरू होतो. पत्र्यावर थेट फवारलेला बंद पेशींचा पफ चिकटून बसत असल्याने हवेला पत्र्यापर्यंत वाटच राहत नाही. छताला ७५ आणि भिंतींना ५० मिलिमीटर फवारा घ्यावा. तो जळणारा पदार्थ आहे, त्यामुळे त्यावर सिमेंट बोर्ड झाकणे आणि वेल्डिंगची सर्व कामे फवाऱ्याआधी उरकणे आवश्यक आहे.

एप्रिल-मेमध्ये आपला नेहमीचा कूलर या घरात उत्तम चालेल, कारण हवा कोरडी असते. आतली हवा तीस-बत्तीस घनमीटर एवढीच असल्याने लहान कूलरही पुरतो, फक्त समोरची खिडकी उघडी असली पाहिजे, नाहीतर आत दमटपणा साचतो. जुलैपासून कूलरचा उपयोग संपतो. तेव्हा एक टनाचा एसी लागेल. मात्र हे घर लोखंडाचे आहे आणि विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे दगावतात, या दोन गोष्टी एकत्र ठेवून वाचाव्यात. कूलर भिंतीला टेकला आणि त्यात विजेची गळती झाली तर सबंध घरात वीज उतरते. डब्याच्या चौकटीला स्वतंत्र अर्थिंग, मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि सर्व वायरिंग पीव्हीसी पाइपातून. या तीन गोष्टींत तडजोड करू नये, आणि उमरेडला गेल्यावर अर्थिंगचा खड्डा पुन्हा नव्याने करावा.

चाकांविषयी माझे मत स्पष्टपणे नकारार्थी आहे. रिकामा वीस फुटी डबा सव्वादोन टनांच्या आसपास भरतो, काम पूर्ण झाल्यावर तो साडेचार-पाच टनांवर जातो. हे ओझे कोणत्याही खाजगी मोटारीला ओढता येणार नाही, चाके लावली की ट्रेलर म्हणून आरटीओची नोंदणी आली, आणि तीन-चार वर्षांतून एकदा लागणाऱ्या चाकांचे टायर तोवर उन्हात तडकून जातील. कंटेनर मुळात उचलून ट्रकवर ठेवण्यासाठीच बनवलेला असतो, तेव्हा हायड्रा (चाकांवरची फिरती क्रेन) आणि ट्रेलर एका दिवसासाठी भाड्याने घेणे हाच सरळ मार्ग आहे. त्यासाठी चारही कोपऱ्यांचे ठोकळे मोकळे राहिले पाहिजेत. वाहनाची कमाल रुंदी २.६ मीटर असल्याने डब्याच्या बाहेर येणारे छज्जे, कूलरचा स्टँड, एसीचे बाहेरचे युनिट हे सारे सुटे होणारे असावे. पाण्याची टाकी डब्यावर ठेवू नये, पाचशे लिटर म्हणजे अर्धा टन; ती वेगळ्या स्टँडवर ठेवावी. मैल्यासाठी बायोडायजेस्टरची, म्हणजे जिवाणूंकरवी मैला कुजवणारी, तयार टाकी मिळते, तीही उचलून नेता येते.

पाया फक्त चार कोपऱ्यांखाली पुरतो. आपली जमीन काळी असेल तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून खड्डे मुरूम लागेपर्यंत न्यावेत आणि काँक्रीटचे ठोकळे जमिनीपासून दोन फूट वर आणावेत. खालून वारा खेळतो, पावसाचे पाणी लागत नाही आणि साप-उंदीर लपून राहिले तर दिसतात. ठोकळ्यांवर ट्विस्ट लॉक (डब्याचे कोपरे पकडून ठेवणाऱ्या फिरत्या कड्या) बसवले की वादळाची भीती राहत नाही आणि हलवताना फक्त चार कड्या फिरवाव्या लागतात. उचलण्याचे काम मात्र मृग लागण्यापूर्वीच करावे, कारण ओल्या काळ्या मातीत हायड्रा रुतली तर तिला काढायला दुसरी हायड्रा बोलवावी लागते. ट्रेलरवरील डब्याची उंची चार मीटरच्या आसपास जाते, तेव्हा वाटेतल्या विजेच्या तारा आणि आंब्याच्या फांद्या आधी पाहून घ्याव्यात.

फिरते घर आहे म्हणून परवानगी लागत नाही, असे आपल्याला कोणी सांगेल. त्यावर विसंबू नये. शेत एनएमआरडीएच्या (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) क्षेत्रात येते की बाहेर, हे गट क्रमांकावरून आधी पाहावे आणि शेतघर किंवा तात्पुरते बांधकाम म्हणून काय चालेल ते संबंधित कार्यालयाकडून लेखी घ्यावे. वर दिलेली रुंदी-उंचीची मापे तिथेच आडवी येतात, तेव्हा डबा विकत घेण्यापूर्वी हे झालेले बरे.

डबा घेताना आत उभे राहून दारे बंद करून घ्यावीत; छिद्रे असतील तर उजेडाचे ठिपके लगेच दिसतात. खालचे आडवे बीम आणि दारांचे बिजागर ठोकून पाहावेत. दारावरील पाटीवर लाकडी भागाला कोणते औषध मारले आहे याची नोंद असते. २८ मिलिमीटरचा हा प्लाय कीटकनाशकाने प्रक्रिया केलेला असतो आणि वर्षानुवर्षे त्यावर कसला माल सांडला हे कोणी सांगत नाही, म्हणून तो काढून नवा टाकावा, निदान इपॉक्सीने पूर्ण बंद करून वर नवी फरशी घालावी. नागपुरात मिहानच्या डेपोमुळे कंटेनर येत-जात असले तरी विक्रीच्या जुन्या डब्यांची निवड न्हावा शेवा बंदराच्या आसपास अधिक मिळते. तिथून आणायचे झाल्यास ट्रेलरचे भाडे धरून किमतीची तुलना करावी. आणि ती करताना पफ पॅनेलच्या नव्या पोर्टा केबिनचा भावही विचारावा, कारण उमरेडला हलवण्याचा बेत डळमळीत असेल तर तीच स्वस्त, रुंद आणि थंड पडेल.